व्यायाम चार दिवसांत सुटतो? दुधाच्या हिशोबासारखा कॅलेंडरवर लिहा

बदलापूर : उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर आणि आसपासच्या गावांत बऱ्याच घरांत भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचा हिशोब असतो. रोजच्या चौकोनात एक लिटर, अर्धा लिटर आणि दूध आलं नाही त्या दिवशी 'खाडा'. महिना संपला की बेरीज करायची आणि दूधवाल्याचे पैसे द्यायचे. घरी व्यायाम सुरू करून चार दिवसांत सोडून देणाऱ्यांना हीच पद्धत कामाला येते.

सुरुवात बहुतेक जण करतात. डॉक्टरांनी साखर वाढली म्हणून सांगितलं की दुसऱ्याच दिवशी पहाटे उठून उठाबशा, सूर्यनमस्कार चालू होतात. मग पावसाची झड लागते, घरी पाहुणे येतात, रात्री लोकल उशिरा पोहोचते आणि राहिलेला व्यायाम राहूनच जातो. यात आळस असतोच, पण आणखी एक कारण आहे. आठ दिवस घाम गाळला तरी पोट दिसायला तेवढंच असतं. केलेलं काम डोळ्यांना दिसत नाही, म्हणून मन उडतं. लिहून ठेवलं की ते दिसायला लागतं.

हालचाल गेली कुठे?

भाताची लावणी, कापणी, झोडणी, डोक्यावरचे भारे यातून शरीर आपोआप राबायचं. आता या पट्ट्यात अनेक शेतांवर इमारती उभ्या राहिल्या. घरातला कमावता माणूस कंपनीत किंवा मुंबईला नोकरीला जातो. बदलापूर ते सीएसएमटी अंतर सुमारे ६८ किलोमीटर आहे, म्हणजे जाऊन येऊन रोजचे तीन तास तरी प्रवासातच जातात. ज्यांची शेती आहे त्यांचंही कष्टाचं काम हंगामापुरतं उरलं आहे.

त्याचा परिणाम आकड्यांत दिसतो. २०२४ मध्ये 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या वैद्यकीय मासिकात आलेल्या अभ्यासानुसार भारतातल्या जवळपास निम्म्या प्रौढांची शारीरिक हालचाल गरजेपेक्षा कमी आहे. पुरुषांत हे प्रमाण सुमारे ४२ टक्के, तर बायकांत ५७ टक्के आहे. 'घरकामातच व्यायाम होतो' असं म्हणणाऱ्या घरांनी हा दुसरा आकडा लक्षात घ्यावा. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या मदतीने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज दिला आहे.

लिहिल्याने खरंच फरक पडतो का?

पडतो. २०१६ मध्ये संशोधकांनी १३८ अभ्यास एकत्र करून तपासले. जे लोक आपली प्रगती वेळोवेळी पाहतात त्यांचं ठरवलेलं काम तडीस जाण्याची शक्यता वाढते, असं त्यात दिसलं. प्रगती लिहून ठेवली किंवा चारचौघांना कळू दिली तर फायदा आणखी जास्त. म्हणून व्यायामाचा हिशोब कपाटातल्या वहीत ठेवण्यापेक्षा स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर बरा. घरातलं पोर रोज विचारतं, "आज चौकोन रिकामा का?"

आपल्याकडे हे नवीन नाही. तालमीत जोर-बैठका मोजूनच मारतात. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा प्रसार केला आणि तो शाळांतही नेला. सूर्याची बारा नावं घेत बारा नमस्कार घालायचे, म्हणजे मोजणी त्यातच आली.

हिशोब ठेवायचा कसा?

पहिल्या दिवशी जोर लावायचा नाही, फक्त मोजायचं. आरामात किती उठाबशा होतात, किती सूर्यनमस्कार जमतात, किती मिनिटं चालता येतं ते बघा. समजा १० उठाबशा, ४ नमस्कार आणि १५ मिनिटं चालणं झालं. त्या तारखेच्या चौकोनात लिहा : उ १०, सू ४, चा १५. हीच आपली सुरुवात. शेजारी ५० मारतो म्हणून आपण ५० मारायच्या नाहीत.

आठवडाभर तेवढंच करा. रविवारी सगळे चौकोन बघा. त्रास झाला नसेल तर पुढच्या आठवड्यात उठाबशा दोनने, नमस्कार एकने वाढवा. महिन्याने पहिल्या आठवड्याच्या ओळीशेजारी शेवटच्या आठवड्याची ओळ ठेवली की वाढ समोर दिसते. हुरूप त्यातूनच येतो.

गुडघे दुखतात त्यांनी खुर्चीवर बसून उठायचं आणि परत बसायचं. जमिनीवरचे जोर जमत नसतील तर भिंतीला हात टेकून मारावेत. चाळीतल्या किंवा बराकीतल्या एका खोलीतही एका चटईएवढ्या जागेत एवढं होतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आणि किमान दोन दिवस ताकदीचा व्यायाम करावा. १५० मिनिटं म्हणजे पाच दिवस अर्धा तास. सकाळी १५ आणि रात्री १५ असं तोडून केलं तरी चालतं. व्यायाम करताना बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, इतपत दम लागला की तो मध्यम समजावा.

वजनकाटा रोज बघू नका

वजन पाणी, मीठ, जेवण यांमुळे रोज खाली-वर होतं. काल किलोभर कमी आणि आज परत तेवढंच दिसलं की माणूस वैतागून व्यायाम सोडतो. वजन आठवड्यातून एकदा, सकाळी उपाशीपोटी बघावं.

कंबरेचं माप महिन्यातून एकदा पुरे. शिंप्याची टेप नसेल तर सुतळी बेंबीच्या पातळीवर गुंडाळून गाठ मारा आणि ती जपून ठेवा. पुढच्या महिन्यात त्याच सुतळीने मोजा. भारतीय पुरुषांत ९० सेंटीमीटर आणि बायकांत ८० सेंटीमीटरच्या पुढे कंबर गेली की मधुमेह आणि हृदयविकाराचा धोका वाढतो असं मानलं जातं. रोजच्या जगण्यातली खूणही लिहून ठेवा. स्टेशनचा पूल चढताना दम कुठे लागला, पिंप उचलताना पाठ धरली का, हेही मापच आहे.

मोबाईलची पावलं

मोबाईलमध्ये पावलं मोजणारं ॲप असतं, पण फोन अंगावर असेल तरच ते मोजतं. फोन घरी चार्जिंगला आणि माणूस शेतात असेल तर पावलं शून्य दिसणार. रोज १० हजार पावलं चाललीच पाहिजेत हा आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजण्याचं यंत्र विकताना पुढे आला. अमेरिकेत वयस्कर बायकांवर झालेल्या आणि २०१९ मध्ये आलेल्या अभ्यासात रोज सुमारे ४,४०० पावलं चालणाऱ्यांनाही फायदा दिसला. ७,५०० च्या पुढे तो फारसा वाढला नाही. १० हजार झाली नाहीत म्हणून खट्टू व्हायचं कारण नाही.

खाडा पडला तर?

खाडा पडणारच. लावणीचे दिवस, लग्नसराई, गणपती, आजारपण हे सगळं येतं. त्या चौकोनात खरं तेच लिहा : खाडा. दूधवाला एक दिवस आला नाही म्हणून कोणी रतीब बंद करत नाही. लंडनमध्ये ९६ जणांवर झालेल्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कोणाला १८ दिवस पुरले, तर कोणाला त्याहून कितीतरी जास्त लागतील असं दिसलं. मधला एखादा दिवस चुकल्याने सवय मोडली नाही. फक्त सलग दुसरा खाडा पडू द्यायचा नाही. वेळ नसेल त्या दिवशी पाच उठाबशा मारून तेवढ्याच लिहाव्यात.

आधी तपासणी

हृदयविकार, रक्तदाब किंवा मधुमेहाची औषधं चालू असतील, गरोदरपण असेल, तर डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करा. मधुमेहाच्या औषधांवर असताना व्यायामात थरथर, घाम, चक्कर आली तर लगेच थांबून साखर किंवा गूळ तोंडात टाकावा. छातीत दुखलं तर घरी वाट बघत बसू नका, दवाखाना गाठा. तिशी ओलांडलेल्यांची रक्तदाब आणि साखरेची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात होते. गावातल्या आशाताईंना विचारलं तर त्या दिवस सांगतात. त्या तपासणीचे आकडेही त्याच कॅलेंडरवर लिहावेत.

खर्च काहीच नाही. कॅलेंडरच्या खिळ्याला दोरीने एक पेन्सिल बांधायची आणि उद्याच्या चौकोनात पहिला आकडा लिहायचा.