जुन्या इमारतींचे बळ

भूकंप माणसे मारीत नाही, पडणाऱ्या इमारती मारतात, असे या शास्त्रातील मंडळी म्हणतात. 26 जानेवारी 2001 च्या कच्छमधील भूकंपाने त्याचा दाखला दिला. अहमदाबाद केंद्रापासून दोनशे किलोमीटरहून दूर; तरीही तेथील कित्येक बहुमजली काँक्रीटच्या इमारती कोसळल्या. त्यांतील बऱ्याच, मोटारींसाठी तळमजला मोकळा ठेवून नुसत्या खांबांवर उभ्या होत्या. वर भिंतींचा ताठपणा, खाली तो नाही. साहजिकच सगळा हिसका त्या खांबांवर आला. अशा इमारती आपल्याही शहरांत आहेत, आणि 11 डिसेंबर 1967 चा कोयनेचा हादरा सोसलेल्या महाराष्ट्राने भूकंप ही परक्या मुलखाची गोष्ट मानू नये.

काँक्रीट दाब सोसते, ताण सोसत नाही. त्यासाठी आत सळया घालावयाच्या. उभ्या सळयांभोवतीच्या रिंगांकडे मात्र आपले लक्ष क्वचितच जाते. धक्क्याने खांबाचा बाहेरचा थर सुटला, तरी रिंगा दाट असून त्यांची टोके गाभ्यात वळविलेली असली, तर गाभा आवळलेला राहतो आणि खांब वाकूनही उभा राहतो. जुन्या कामात रिंगा बहुधा विरळ, टोके काटकोनात. ती उघडतात आणि खांब एकाएकी फुटतो. या बांधणीचे स्वतंत्र भारतीय मानक आले ते 1993 साली. त्यात वयाची भर पडते: ओल शिरते, सळई गंजते, गंजून फुगते आणि काँक्रीट फोडते. म्हणून सळईच्या रेषेने गेलेली चीर ही केवळ गिलाव्याची चीर समजू नये.

मग इमारत पाडावयाचीच काय? दर वेळी नव्हे. प्रथम जाणत्या अभियंत्याकडून तपासणी: मूळ नकाशे, काँक्रीटचे नमुने, सळयांचा गंज, पाया. त्यानंतर उपाय. खांबाभोवती नव्या सळया, दाट रिंगा आणि नवे काँक्रीट यांचे वेष्टण घालता येते. त्याच्या उभ्या सळया स्लॅबमधून पार गेल्या पाहिजेत. मजल्याशी तोडल्या, तर नेमका सांधाच दुबळा राहतो. कार्बन तंतूंच्या कापडाने खांब आवळता येतो. पण त्याने मोकळ्या मजल्याला ताठपणा फारसा येत नाही. त्यासाठी पायापासून उचललेल्या काँक्रीटच्या भिंती किंवा पोलादी तिरप्या पट्ट्या लागतात. त्या दोन्ही अंगांना समतोल असाव्यात; एकाच कोपऱ्यात घातल्या, तर धक्क्यात इमारत पिळली जाते. म्हणून “एवढा एकच खांब जाड करून द्या” हा हिशेब धोक्याचा.

हा खर्च डोळ्यांत भरणारा नसतो. रंग दिलेली इमारत शेजाऱ्यांना दिसते; खांबाच्या पोटातील रिंग कोणालाच दिसत नाही. यास्तव सोसायटीच्या सभेत रंगाचा ठराव येईल, तेव्हा आपण आधी एक प्रश्न विचारू या: तळमजल्याचे खांब शेवटचे कोणी, केव्हा तपासले?