सॉकरला हसू नका, बॉस!

रात्रीचा कॉल. इकडे पुण्यात आम्ही चौघं, तिकडे टेक्सासचा मॅनेजर. काम सुरू व्हायच्या आधी तो सहज म्हणाला, काल मुलीची सॉकरची मॅच होती. आणि मी अतिशहाणा पटकन बोलून गेलो, ‘‘त्याला फुटबॉल म्हणतात!’’ इकडची गँग खिदळली. तो नाही हसला. ‘‘शब्द इंग्लंडचाच आहे, बघ कधीतरी,’’ म्हणाला आणि कामाला लागला. उरलेला अर्धा तास मी म्यूटवर!

घरी आल्यावर राहवेना. शोधलं, तर चूक माझीच निघाली.

१८६३ साली लंडनमध्ये फुटबॉल असोसिएशन स्थापन झाली. बॉल हातात घेऊन पळायचं नाही, असं तिथे ठरलं. ज्यांना पळायचंच होतं, त्यांनी १८७१ मध्ये रग्बीची वेगळी संघटना काढली. म्हणजे फुटबॉल झाले दोन, रग्बीवाला आणि असोसिएशनवाला. त्या काळी ऑक्सफर्डच्या पोरांना शब्द तोडून पुढे ‘अर’ लावायची खोड होती. रग्बीचं झालं ‘रगर’ आणि असोसिएशनमधल्या ‘सॉक’चं ‘सॉकर’. आपण नाही का प्रॅक्टिकल्सचं ‘प्रॅक्स’ करायचो? तसंच. इंग्लंडमध्ये हा शब्द पुढे कित्येक वर्षं चालला. साधारण १९८० नंतर तो ‘अमेरिकन’ वाटायला लागला आणि मागे पडला.

मग अमेरिकेत कसा टिकला? सोपं आहे. तिथे ‘फुटबॉल’ हे नाव हेल्मेटवाल्या खेळाने आधीच पटकावलं होतं. तिथल्या संघटनेच्या १९१३ च्या नावात फक्त ‘फुटबॉल’ होतं. १९४५ मध्ये ‘सॉकर’ आत आलं आणि १९७४ मध्ये ‘फुटबॉल’ बाहेर गेलं. ऑस्ट्रेलियातही तेच. मेलबर्नमध्ये ‘फुटी’ म्हणजे त्यांचा स्वतःचा, लंबगोल बॉलचा खेळ. आणि इटलीने तर दोन्ही इंग्रजी नावं बाजूला ठेवून फ्लॉरेन्समधल्या एका जुन्या खेळाचं नाव उचललं, ‘काल्चो’. अर्थ काय, तर लाथ!

थोडक्यात, गावात ‘फुटबॉल’ हे नाव आधी कोणी घेतलं, एवढाच प्रश्न. यात कोणी अडाणी नाही आणि कोणी शहाणा नाही. माझ्यासारखा अतिशहाणा तेवढा असतो.

पुढच्या कॉलवर मी आधी सॉरी म्हटलं. मग विचारलं, ‘‘सॉकरची मॅच कोण जिंकलं?’’

‘‘आम्ही. तीन-दोन!’’ या वेळी मात्र तो मनापासून हसला.