अळीच्या आतड्यातलं छिद्र

गोदावरी ओलांडून बीड जिल्ह्यातल्या गेवराई तालुक्यात शिरलं की दिवाळीच्या सुमारास रस्त्याच्या दोन्ही अंगांना पांढरं रान लागतं. वेचणी सुरू असते. लांबून सगळी कपाशी सारखीच दिसते, पण वेचणाऱ्या बाईच्या बोटांना फरक लगेच कळतो. चांगल्या बोंडातला कापूस अलगद निघतो. किडकं बोंड अर्धवट उमललेलं असतं आणि आतला कापूस पिवळट, पाकळीला चिकटलेला. हीच कवडी. ती फोडून पाहावी तर सरकी पोखरत बसलेली शेंदरी रंगाची, सेंटीमीटरभर लांबीची अळी सापडते.

खरं तर ही अळी जगायला नको होती. ज्या झाडावर ती वाढली, त्याच्या पानात, पात्यात, बोंडात तिच्यासाठीच विष भरलेलं आहे. बियाण्याच्या पाकिटासोबत शेतकऱ्याने त्या विषाचेही पैसे मोजले आहेत. विष आहे, अळीने ते खाल्लंही आहे आणि तरी ती जिवंत आहे. हे कोडं सोडवायला तिच्या आतड्यातल्या पेशीच्या आवरणापर्यंत जावं लागतं.

या विषाचा मूळ मालक एक जिवाणू. १९०१ साली जपानमध्ये शिगेताने इशिवाता यांनी अचानक मरणाऱ्या रेशीमकिड्यांमध्ये तो शोधला. दहा वर्षांनी जर्मनीच्या थुरिंगिया प्रांतातल्या पिठातल्या पतंगाच्या अळ्यांमध्ये तोच अर्न्स्ट बर्लिनर यांना सापडला आणि प्रांतावरून त्याचं नाव पडलं बॅसिलस थुरिंजिएन्सिस. आपण गावोगावी ‘बीटी’ म्हणतो ते त्याचंच लघुरूप. तो मातीतच राहतो. उपासमारीची वेळ आली की तो स्वतःला बीजाणूत बंद करून घेतो आणि शेजारी प्रथिनाचा एक स्फटिक रचून ठेवतो. हा स्फटिक म्हणजेच विष.

पण आहे त्या रूपात तो कोणाचंच काही बिघडवत नाही. अळीच्या पोटात गेल्यावर त्याचं काम सुरू होतं. आपल्या जठरात आम्ल असतं, पतंगवर्गीय अळ्यांच्या मधल्या आतड्यात मात्र तीव्र अल्कली. त्यात स्फटिक विरघळतो. मग अळीचेच पाचकरस त्या लांबलचक प्रथिनाची दोन्ही टोकं कापतात आणि निम्म्या वजनाचा धारदार तुकडा उरतो. थोडक्यात, अळी आपलं विष आपणच पाजळून घेते.

आता गाठ पडते पेशीच्या आवरणाशी. हे आवरण म्हणजे स्निग्ध रेणूंचा दुहेरी थर. जाडी चार-पाच नॅनोमीटर, आणि एक नॅनोमीटर म्हणजे मिलीमीटरचा दहा लाखावा भाग. आत काय येणार आणि बाहेर काय जाणार, यावर या थराची राखण असते. पेशी जिवंत राहते ती आतले आणि बाहेरचे क्षार वेगवेगळ्या प्रमाणात सांभाळले जातात म्हणून.

विषाचा तुकडा या थरावर कुठेही जाऊन बसत नाही. त्याला धरायला खुंटी लागते. अळीच्या आतड्याच्या आवरणातून कॅडहेरिन नावाचं प्रथिन बाहेर डोकावत असतं, तीच ही खुंटी. तिला धरल्यावर तुकड्याचा आकार आणखी बदलतो, असे अनेक तुकडे एकत्र येऊन कडं तयार होतं आणि ते कडं स्निग्ध थरात घुसतं. पडलेलं छिद्र जेमतेम एक-दोन नॅनोमीटरचं. शेततळ्याच्या अस्तराला भोक पडलं तर पाणी बाहेर जातं. इथे उलट घडतं. क्षार आणि त्यांच्यामागोमाग पाणी आत घुसतं, पेशी फुगते आणि फुटते. आतड्याचा पडदा फाटला की अळी खाणं सोडते आणि दोन-तीन दिवसांत मरते. माणसाच्या पोटात अल्कलीही नाही आणि ही खुंटीही नाही, म्हणून सरकीचं तेल खाणाऱ्याला किंवा ढेप खाणाऱ्या म्हशीला हे विष लागू पडत नाही.

आवरणाला भोक पाडणारा जिवाणू हा एकटाच नाही. मेंढपाळांना आंत्रविषार चांगला माहीत असतो. कोवळं हिरवं गवत भरपूर खाल्लं की धडधाकट मेंढी तडकाफडकी मरते. तिच्या आतड्यातला क्लोस्ट्रिडियम जिवाणू निष्क्रिय विष सोडतो, मेंढीचेच पाचकरस ते जागं करतात आणि सात रेणूंचं कडं पेशीच्या आवरणात रुततं. तऱ्हा तीच, फक्त सावज वेगळं. मेंढीला आपण पावसाळ्याआधी लस देतो. अळीला लस कोणी दिली नाही; तिने आपल्या बचावाची वाट स्वतः शोधली.

ती वाट कळायला बियाण्याचा प्रवास पाहावा लागेल. बीडच्या उत्तरेला, गोदावरीपल्याड जालना. तिथे बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली महिको उभी केली. २६ मार्च २००२ रोजी केंद्राच्या जनुकीय अभियांत्रिकी मान्यता समितीने बीटी कपाशीला पहिल्यांदा परवानगी दिली, ती याच कंपनीच्या तीन संकरित वाणांना. त्यांत ‘क्राय-१-एसी’ हे एकच विष होतं. २००६ मध्ये बीजी-२ आलं आणि ‘क्राय-२-एबी’ची जोड मिळाली. दुसऱ्या विषाची खुंटी वेगळी. एक निसटली तरी दुसरी सापडेल, हा हिशेब.

हिशेब कागदावर बरोबर होता. पण पहिली खुंटी तोवर सैल होत होती. २००८ च्या हंगामात गुजरातच्या अमरेली भागातल्या शेंदरी अळीने एकेरी विष पचवल्याचं आढळलं. पुढे २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात भारतातल्या अशा अळ्यांच्या कॅडहेरिन जनुकात आठ प्रकारचे मोठे बिघाड दिसले. अळीने विष निकामी केलं नव्हतं, खुंटीच मोडून टाकली होती. दुसऱ्या विषाच्या बाबतीत आवरणातलंच दुसरं एक वाहक प्रथिन असंच बिघडलेलं निघालं. आणि २०१७ च्या हंगामात मराठवाडा-विदर्भातल्या शेतकऱ्याने उभ्या कपाशीत नांगर घातला.

मग कपाशीवरची दुसरी अळी, अमेरिकन बोंडअळी, अजून बऱ्याच अंशी बीटीने का मरते? ती तूर खाते, हरभरा खाते. बीडच्या रानात ही दोन्ही पिकं आहेतच. तिथे विषाशी गाठ न पडलेल्या अळ्या वाढतात. शेंदरी अळी जवळजवळ फक्त कपाशीवर जगते आणि आपली जवळपास सगळी कपाशी बीटी. मोडकी खुंटी आई आणि बाप दोघांकडून मिळाली तरच अळी वाचते. विष न चाखलेला पतंग जोडीला मिळाला तर पिल्लांना साबूत खुंटी मिळते आणि ती मरतात. यासाठीच ४५० ग्रॅम बीटी बियाण्यासोबत १२० ग्रॅम बिगर बीटी बियाण्याचं पाकीट दिलं जाई. ते बहुतेक ठिकाणी बांधावरच पडलं. दोन एकरवाल्याने अळीसाठी पाच ओळी का राखाव्यात, याचं उत्तर त्याला पटेल असं कोणी दिलं नाही. पुढे ते बी त्याच पाकिटात मिसळण्याचा मार्ग काढावा लागला.

संकरित वाणाची खोड निराळी. त्याच्या एकाच बोंडात काही सरकीत विष असतं, काहींत नसतं. सरकी खाणाऱ्या अळीची त्यात हळूहळू तालीम होते. त्यावर फरदड. पाण्याची थोडी सोय असली की जानेवारीनंतरही कपाशी ठेवायची. नांगरट नाही, बी नाही, चार क्विंटल जास्त. बीडमध्ये आणखी एक गोष्ट आहे. दिवाळी झाली की अनेक घरांतले कर्ते हात ऊसतोडीला जातात. पऱ्हाटी उपटायला माणूस नसतो, आणि उपटलेली जळणासाठी घरामागे रचली जाते. तिच्या सुक्या बोंडांत अळी सुप्तावस्थेत पडून राहते आणि पुढच्या पावसाळ्यात पतंग होऊन निघते.

अमेरिकेतल्या ॲरिझोनात १९९६ पासून शेतकऱ्यांनी बिगर बीटीच्या ओळी खरोखर राखल्या, नंतर विमानातून नपुंसक पतंग सोडले आणि २०१८ मध्ये त्या देशाने ही अळी आपल्या कपाशीतून संपल्याचं जाहीर केलं. चीनच्या यांगत्से खोऱ्यात शेतकरी संकरित कपाशीच्या दुसऱ्या पिढीचं बी पेरू लागले. त्यातली पाव झाडं आपोआप बिगर बीटी निघाली आणि अळी आटोक्यात राहिली. विष तिथेही तेच होतं.

म्हणून ‘बीटी फसलं’ हे वाक्य मला अपुरं वाटतं. जिवाणूने आपलं काम चोख केलं. फसलो आपण, पाकिटातल्या विषाला हंगामाची शिस्त लागते हे आपण मानलंच नाही. एक जूनआधी पेरणी नको. हेक्टरी पाच कामगंध सापळे लावावेत; सलग तीन रात्री सापळ्यामागे आठ पतंग सापडले तर फवारणीचा विचार करावा. डोमकळ्या, म्हणजे अळीमुळे न उमललेली फुलं, दिसताच तोडून नष्ट कराव्यात. आणि डिसेंबरअखेर पऱ्हाटी रानाबाहेर काढून तिची विल्हेवाट लावावी, पण एकट्याने नव्हे, सगळ्या शिवाराने मिळून. कपाशी नसेल त्या रानात शेंदरी अळीला दुसरं घर जवळजवळ नाहीच.