मोटरसायकल चालू होतांना कां अडते?

पावसाळ्यांत सकाळच्या प्रहरीं वरसे, रोहे अथवा धाटाव येथील आळींतून गेलें असतां एखाद्या अंगणांत मोटरसायकलीस किकेमागून किक बसत असल्याचा आवाज कानीं येतो. घरचा कर्ता पुरुष कारखान्यांत पहिल्या पाळीस निघालेला असतो, आणि गाडी हूं कीं चूं करीत नाहीं. पुष्कळ खटाटोपानंतर ती चालू झालीच, तर एक्सिलेटर सोडतांच धडधडून बंद पडते. मिस्त्रीलोक ह्यास ‘गाडी स्लोला थांबत नाहीं’ असें म्हणतात. घरांत वाहन एकच असलें म्हणजे पाळी चुकते आणि रोज बुडतो. कुंडलिकेच्या पुलावर, मागून ट्रक येत असतां गाडी बंद पडली, तर प्रश्न गैरसोयीचा न राहतां जिवाचा होतो. अशा वेळीं दोष कोणत्या क्रमानें शोधावा, हें विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सांगण्याचें आम्हीं ह्या लेखांत योजिलें आहे.

प्रथम यंत्राची रचना ध्यानांत घेतली पाहिजे. आपल्याकडील बहुतेक मोटरसायकलींस एकच सिलिंडर असतो. मद्रासेस १९५५ पासून तयार होऊं लागलेली बुलेट तशीच, आणि पुण्याच्या बजाज कंपनीनें २००१ सालीं काढलेली पल्सरहि तशीच. निकोलाउस ओटो ह्या जर्मन गृहस्थानें १८७६ सालीं जें इंजिन सिद्ध केलें, त्याच तत्त्वावर हीं इंजिनें चालतात. दट्ट्याच्या पहिल्या धांवेंत पेट्रोल व हवा यांचें मिश्रण आंत ओढलें जातें, दुसरींत तें दाबलें जातें, तिसरींत ठिणगी पडून स्फोट होतो आणि चौथींत धूर बाहेर पडतो. चार धांवा म्हणजे इंजिनाचे दोन फेरे. उभ्या गाडीचें इंजिन मिनिटास १,४०० फेरे घेत असेल, तर स्फोट ७०० होतात. म्हणजे सेकंदास सुमारें बारा. उरलेल्या तीन धांवा जड गतिचक्राच्या वेगावर पार पडतात. चार सिलिंडरांच्या मोटारींत एकाचा स्फोट चुकला तर बाकीचे तिघे भार वाहतात. येथें मदतीस दुसरा कोणी नसल्यामुळें चुकलेला प्रत्येक स्फोट तत्काळ जाणवतो.

स्फोट होण्यास चार गोष्टी लागतात : योग्य प्रमाणांत पेट्रोल, पुरेशी हवा, पुरा दाब आणि वेळेवर ठिणगी. शुद्ध पेट्रोलच्या एका किलोस पूर्ण ज्वलनासाठीं सुमारें १४·७ किलो हवा लागते. इंजिन थंड असतां पेट्रोलची वाफ नीट होत नाहीं, त्याचे थेंब आंतील भिंतींस चिकटून राहतात. म्हणून आरंभीं चोक ओढून पेट्रोलचें प्रमाण वाढवावें लागतें. वरील चार गोष्टींपैकीं कोणती उणी पडली हें ओळखणें, हेंच दोष शोधण्याचें सारें शास्त्र होय.

हत्यारास हात लावण्यापूर्वीं ‘त्रास केव्हां होतो?’ असा प्रश्न स्वतःस विचारावा. केवळ पावसांत होत असेल, तर ठिणगीच्या वायरीचा व प्लगच्या टोपीचा संशय घ्यावा. इंजिन तापल्यावरहि तें चोक ओढल्यावांचून चालत नसेल, तर पेट्रोल कमी येत आहे अथवा कोठून तरी जास्त हवा शिरत आहे. थंड असतां चांगली चालणारी गाडी तापल्यावर अडखळत असेल, तर झडपांकडे अथवा ठिणगीच्या कॉइलकडे लक्ष द्यावें. महिनाभर उभी राहिल्यानंतर त्रास सुरू झाला असेल, तर कारब्युरेटरांत गाळ सांचला असण्याचा संभव अधिक. इतक्या विचारानेंच निम्मा शोध पुरा होतो.

मग फुकट होणाऱ्या परीक्षेपासून आरंभ करावा. टाकींत पेट्रोल आहे काय, कॉक उघडा आहे काय, हँडलवरील इंजिन बंद करण्याचें बटण चुकून दाबलें गेलें आहे काय, हें पाहावें. सेल्फ मंदपणें फिरत असेल, तर बॅटरी तपासावी. ह्या साध्या गोष्टी न पाहतां कारब्युरेटर खोलण्याची घाई पुष्कळ ठिकाणीं होते आणि विनाकारण खर्च वाढतो.

त्यानंतर प्लग. इंजिन थंड असतां तो काढून त्याचें तोंड निरखावें. फिकट तपकिरी रंग हें आरोग्याचें लक्षण होय. कोरडी काळी काजळी दिसली, तर पेट्रोल जास्त किंवा हवा कमी समजावी. तोंड पेट्रोलनें ओलें असेल, तर पेट्रोल पोंचत आहे, परंतु तें पेटत नाहीं. तेलकट थर असल्यास इंजिनाचें तेल आंत झिरपत आहे. पांढरटपणा असल्यास पेट्रोल अपुरें पडत असावें. दोन टोकांमधील फट बहुधा ०·६ ते ०·८ मिलिमीटर असते. आपल्या गाडीचें नेमकें माप तिच्या पुस्तिकेंत पाहावें. पल्सरच्या ज्या नमुन्यांत एका सिलिंडरास दोन प्लग असतात, तेथें दोन्ही तपासावे, कारण एक निकामी झाला तरी दुसऱ्यावर गाडी कशीबशी चालते आणि दोष लपून राहतो.

रायगड जिल्ह्यांत पावसाळ्यांत ३,००० मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. म्हणून पेट्रोलांतील पाण्याचा विचार येथें विशेष केला पाहिजे. कारब्युरेटरच्या तळाचा स्क्रू सैल करून आंतील पेट्रोल कांचेच्या बाटलींत घ्यावें. पाणी पेट्रोलहून जड असल्यामुळें तळाशीं वेगळें दिसतें. आपल्या देशांत २०२३ पासून वीस टक्के ईथेनॉल मिसळलेलें पेट्रोल विकलें जाऊं लागलें. ईथेनॉल पाण्यास आपल्यांत सामावून घेतें. परंतु पाणी मर्यादेबाहेर वाढलें कीं दोघेंहि मिळून तळाशीं उतरतात आणि इंजिनास वरच्या चांगल्या पेट्रोलाऐवजीं तेंच मिळतें. ह्याचा प्रयोग शिक्षकांच्या देखरेखीखालीं, उघड्या जागीं व जाळापासून दूर करून पाहण्याजोगा आहे. मोजनळींत ५० मिलिलिटर असें पेट्रोल व १० मिलिलिटर पाणी घालून बूच लावून हलवावें, मधून मधून बूच सैल करावें. स्थिर झाल्यावर पाण्याचा थर १० ऐवजीं जवळजवळ २० मिलिलिटर भरतो. पेट्रोलांतील ईथेनॉल पाण्याकडे गेलें, हा त्याचा अर्थ.

कारब्युरेटरांत स्लोसाठीं जें निराळें जेट असतें, त्याचें छिद्र अर्ध्या मिलिमीटराहूनहि लहान असतें. जुन्या पेट्रोलचा चिकट गाळ त्यांत बसला कीं गाडी वेगांत चांगली पळते, पण सिग्नलला उभी राहतांच बंद पडते. तें साफ करतांना तार खुपसूं नये. छिद्र मोठें होऊन दोष कायमचा होतो. क्लीनर व हवेचा दाब यांनींच तें स्वच्छ करावें. हवेचा फिल्टर धुळीनें भरला असल्यास पेट्रोलचें प्रमाण वाढतें. कारब्युरेटर व इंजिन यांमधील रबर तडकलें असल्यास उलट घडतें : गाडी ‘हवा खाते’ आणि स्लो एकसारखा वरखालीं होतो.

इतकें करून गुण न आला, तर दाबाची शंका घ्यावी. टॅपेट फार घट्ट असलें, तर झडप पुरती मिटत नाहीं, दाब निसटतो आणि गाडी चालू होण्यास त्रास देते. तेथील अंतर मिलिमीटराच्या शतांश भागांत मोजलें जात असल्यामुळें हें काम जाणत्या मिस्त्रीकडे सोंपवावें. एप्रिल २०२० नंतरच्या बहुतेक गाड्यांत कारब्युरेटर जाऊन पेट्रोल फवारणारी इंजेक्शन पद्धति आली आहे. तींत किल्ली फिरवितांच पंपाचा बारीक आवाज येतो कीं नाहीं तें ऐकावें. इंजिनाची सूचक दिवी पेटून राहिल्यास सर्व्हिस केंद्रांत यंत्रानें तपासणी करवावी.

एका खोडीपासून मात्र पालकांनीं सावध राहावें. गाडी स्लोला बंद पडते म्हणून स्लोचा स्क्रू पिळून इंजिनाचा वेग वाढविणें, हा ताप न तपासतां रोग्यास पांघरूण घालण्याचा प्रकार होय. रोग आंत वाढतो आणि पेट्रोल फुकट जातें. कारण सांपडल्यावर, इंजिन पुरतें तापवून, मग पुस्तिकेंतील आंकड्याप्रमाणें तो स्क्रू लावावा.

विद्यार्थ्यांनीं हीं कामें मोठ्या माणसांच्या सोबतीनेंच करावीं. पेट्रोलजवळ विडी, काडी किंवा ठिणगीची परीक्षा नको. बंद पडवींत इंजिन चालू ठेवूं नये. त्याच्या धुरांतील कार्बन मोनॉक्साइडला रंग वा वास नसतो आणि तो प्राण घेतो. गिअरची मोटरसायकल रस्त्यावर चालविण्याचा परवाना अठरा वर्षें पूर्ण झाल्यावांचून मिळत नाहीं. तथापि अंगणांत उभ्या असलेल्या गाडीपासून शिकण्यास वयाची अट नाहीं.

शेवटीं एकच सूचना. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी आणि परिणाम वहींत लिहावा. प्लग, फिल्टर व स्क्रू एकदम बदलले, तर गाडी कशानें सुधारली हें कोणासच कळत नाहीं. तारीख, लक्षण, काय केलें आणि काय घडलें, अशा चार रकान्यांची वही पालकांनीं मुलांकडून ठेववून घ्यावी. पुढच्या पावसाळ्यांत गाडी पुन्हां अडली, तर प्रथम ती वही उघडावी. आणि मिस्त्रीकडे जावें लागलेंच, तर ती बरोबर न्यावी. त्याचा वेळ वांचेल आणि आपले पैसेहि.