रेस दिली की रडणारी गाडी

"भाऊ, रेस देली का गाडी रडून राहिली." नागपूरच्या वाडीतल्या गॅरेजात पिकअप आणणारा ड्रायव्हर तक्रार सांगतो ती अशी. खडखड नसते, ठोका नसतो. गाडी तीस-चाळीसच्या पुढे गेली की मागून एक लांब, बारीक सूर निघतो, वेगाबरोबर चढत जातो आणि पाय उचलला की विरतो. त्याला 'रडणं' याहून नेमका शब्द मला तरी सापडलेला नाही.

नागपुरात हे रडणं वारंवार ऐकू येतं, याला कारण आहे. महामार्ग ४४ आणि ५३, म्हणजे जुने ७ आणि ६, इथेच एकमेकांना छेदतात. अमरावती रस्त्यावर वाडीची गोदामं, शहराच्या दुसऱ्या टोकाला कळमन्याचा बाजार. काटोल-नरखेडची संत्री आणि भिवापूरची मिरची पिकअपच्या हौद्यातून तिथवर पोचते. हंगामात पाटे उलटे वाकेपर्यंत माल भरला जातो, आणि ते ओझं ओढण्याचा ताण मागच्या धुऱ्यातल्या दोन दातेरी चाकांवर, क्राऊन आणि पिनियनवर, येतो.

चांगला मिस्त्री मात्र लगेच तिथे पाना लावत नाही. तो आधी ड्रायव्हरशेजारी जाऊन बसतो. उभ्या गाडीत न्यूट्रलवर रेस देऊनही आवाज आला, तर दोष इंजिनाच्या बाजूला: बेल्ट, अल्टरनेटर, वॉटर पंप, नाहीतर टर्बो. उभ्या गाडीत सगळं शांत असेल तर मोकळा रस्ता गाठायचा. पन्नासचा वेग धरायचा, तोच वेग आधी चौथ्या गिअरमध्ये, मग तिसऱ्यात. इंजिनाचे फेरे बदलले, पण सूर तोच राहिला, तर आवाज गिअरबॉक्सच्या मागचा. मग डावी-उजवीकडे हलकं वळण द्यायचं. वळताना आवाज कमी-जास्त झाला तर चाकाच्या बेअरिंगचा संशय. डांबरी आणि काँक्रीट रस्त्यावर आवाज वेगळा येत असेल तर टायर. शेवटी पाय उचलायचा. ओढताना आवाज, मोकळी सोडली की शांत, असं झालं की क्राऊन-पिनियनवर बोट ठेवता येतं. या पंधरा मिनिटांना मी या धंद्यातली खरी विद्या मानतो. हात नंतर चालतात, आधी कान चालतो.

प्रोपेलर शाफ्टचा फेरा चाकांकडे काटकोनात वळवायचं काम धुऱ्याच्या हाऊसिंगमधली ही जोडी करते. लहान पिनियन, मोठं क्राऊन. समजा पिनियनला ९ दात आणि क्राऊनला ४१. टायरचा परीघ २.१ मीटर धरला, तर ताशी ५० किलोमीटरला चाक सेकंदाला सुमारे साडेसहा फेरे घेतं. म्हणजे दाताला दात सेकंदाला सुमारे २७० वेळा भिडतो. ही कंपनसंख्या हार्मोनियमवरच्या पांढरी एक आणि काळी एक यांच्या मधली आहे! वेग वाढला की सूर का चढतो, ते यातच आलं. दात नीट बसलेले असतील तर प्रत्येक भेट गुळगुळीत होते आणि कानाला काही लागत नाही. दाताची ओढणारी बाजू झिजली किंवा पिनियन केसभर सरकला, की तीच भेट बोलू लागते.

हे दात साधे नाहीत. १९२० च्या दशकात अमेरिकेतल्या ग्लीसन कंपनीने हायपॉइड गिअर पुढे आणले. त्यात पिनियन क्राऊनच्या मध्यरेषेत नसून खाली सरकवलेला असतो. त्यामुळे दात मोठे, मजबूत आणि शांत होतात, पण एकमेकांवर घसरतातही. त्या घसटीत साधं तेल टिकत नाही. गंधक-फॉस्फरसची द्रव्यं मिसळलेलं ऑईल लागतं. हाऊसिंग उघडल्यावर नाकात जाणारा उग्र वास त्या गंधकाचाच.

आणि आपल्याकडे घात होतो तो बहुधा इथेच. हाऊसिंगवर हवा सोडणारा छोटा ब्रीदर असतो. तो मातीने बुजला की मे महिन्यात आतली तापलेली हवा सील ढकलते आणि ऑईल गळतं. पावसाळ्यात तापलेला धुरा नाल्याच्या पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि पाणी ओढून घेते. मग ऑईल दुधाळ होतं. दुसरा घात गळकं सील बदलताना होतो. पिनियनचा नट पूर्वी जिथे होता तिथे खूण न करता नुसता जोर लावून आवळला, तर बेअरिंगवर नको तेवढा दाब येतो. आधी फक्त गळणारी गाडी त्या दिवसापासून रडू लागते.

दुरुस्ती म्हणजे मापाचं काम. दातांना रंगाचा लेप लावून क्राऊन फिरवायचं आणि ठसा बघायचा. ठसा दाताच्या साधारण मध्यावर हवा. टोकाला किंवा कडेला गेला तर शिम बदलून पिनियन पुढे-मागे करायचा. दोन्हींमधला प्ले साधारणपणे एक ते दोन दशांश मिलिमीटर. नेमका आकडा कंपनीच्या पुस्तकातलाच घ्यायचा. दात झिजले असतील तर क्राऊन आणि पिनियन दोन्ही बदलायचे. ही जोडी कारखान्यातच एकमेकांवर घासून जुळवलेली असते, दोन्हींवर जोडीचा एकच क्रमांक कोरलेला असतो. पैसे वाचवायला नुसता पिनियन टाकला तर आवाज परत येतो, बहुतेक वेळा पहिल्यापेक्षा मोठा होऊन.

म्हणून पिकअपवाल्या भावांना दोन विनंत्या. मिस्त्रीला हाऊसिंग खोलायला सांगण्याआधी त्याला सोबत घेऊन एक चक्कर मारा. आणि पावसाळा संपला की लेव्हलचा बोल्ट काढून ऑईलमध्ये बोट बुडवून बघा: दुधाळ दिसलं तर ते त्याच दिवशी बदला, ब्रीदरही साफ करून घ्या.