पहिला आला, बक्षीस मात्र हुकलं

जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात लोक आधी विचारतात, "किती पळते?" मी इंजिनिअर, मीही तेच विचारायचो. पण १८९५ ची पॅरिस-बोर्दो-पॅरिस शर्यत बघा. एमिल लव्हासॉरने ११७८ किलोमीटर ४८ तास ४८ मिनिटांत कापले. ताशी सरासरी २४. तरी पहिलं बक्षीस अकरा तास मागून आलेल्या प्यूजोला. नियम चार आसनी गाडीचा होता, त्याची पानार दोन आसनी! याच शर्यतीत मिशेलिन बंधूंनी हवेचे टायर आणले. सारखे पंक्चर, मुदतीत पोचलेच नाहीत. आज मात्र सगळीकडे हवेचेच टायर. म्हणून सांगतो, जुनी गाडी चकचकीत करताना तिची ठिगळं, जोडकामं पुसू नका. काय फसलं आणि काय टिकलं, ते तिथेच कळतं.