जंगलातली बादली, काळोखा बोगदा आणि सिएटल ते पोर्टलंड रोड ट्रिप : जिओकॅशिंग नेमकं असतं तरी काय?

३ मे २०००. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात, पोर्टलंड शहराबाहेरच्या झाडीत डेव्ह उल्मर नावाच्या माणसानं एक काळी बादली अर्धवट पुरून ठेवली. आत काय होतं? एक वही, पेन्सिल, काही पुस्तकं, व्हिडिओ कॅसेट, एक गलोल आणि बीन्सचा एक डबाबंद कॅन. मग त्यानं इंटरनेटवर जागेचे अक्षांश-रेखांश टाकले आणि सांगितलं, शोधा. एक वस्तू घ्या, एक वस्तू ठेवा आणि वहीत नोंद करा.

तीन दिवसांत दोन जणांनी ती बादली शोधून काढली.

आज याच खेळाचे तीस लाखांहून जास्त डबे जगभर लपवलेले आहेत. लोक त्यांच्यासाठी सुट्ट्या काढतात, गाड्या काढतात आणि एरवी कुणी फिरकणार नाही अशा वाटांवर जातात. या खेळाचं नाव जिओकॅशिंग.

हे सुरू कसं झालं?

उल्मरनं ३ मे हा दिवस निवडला त्यामागे कारण होतं. जीपीएस ही अमेरिकन लष्कराची यंत्रणा. सामान्य लोकांना ती वापरता यायची, पण त्यांच्या सिग्नलमध्ये मुद्दाम चूक घातलेली असायची. त्यामुळे जागा शंभरेक मीटरनं चुकू शकायची. राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांच्या आदेशानं १ मे २००० च्या मध्यरात्री ही मुद्दाम घातलेली चूक बंद झाली. एका रात्रीत सामान्यांचा जीपीएस साधारण दहापट अचूक झाला.

उल्मरला हीच अचूकता तपासून बघायची होती, आणि त्यासाठी त्यानं बादली लपवली. त्याच महिन्याच्या अखेरीस 'जिओकॅशिंग' हा शब्द सुचवला गेला. २ सप्टेंबर २००० ला जेरेमी आयरिश यांनी यासाठी वेबसाइट सुरू केली, तेव्हा जगात अशा ७५ जागा माहीत होत्या.

नावातली 'कॅश' म्हणजे पैसे नव्हेत. लपवून ठेवलेल्या साठ्याला इंग्रजीत जो शब्द आहे, तो हा.

खेळायचं कसं?

ॲप उघडलं की नकाशावर आजूबाजूचे कॅश दिसतात. प्रत्येकाला १ ते ५ असे दोन गुण दिलेले असतात. शोधायला किती अवघड हा एक, आणि तिथवरची वाट किती अवघड हा दुसरा. कॅश करंगळीच्या टोकाएवढा असू शकतो किंवा बादलीएवढा मोठाही. फोन तुम्हाला पाच-दहा मीटरपर्यंत नेतो. पुढचं काम डोळ्यांचं. दगडाच्या फटीत, झाडाच्या ढोलीत, बाकाच्या खाली बघायचं. सापडला की आतल्या कागदावर नाव लिहायचं, ॲपवर नोंद करायची आणि डबा होता तिथेच, होता तसाच ठेवायचा.

हे करताना आजूबाजूच्या लोकांच्या लक्षात येऊ द्यायचं नाही. खेळ माहीत नसलेल्या माणसाला कॅशर मंडळी 'मगल' म्हणतात. हॅरी पॉटर वाचलेल्यांना हा शब्द ओळखीचा वाटेल.

मग रोड ट्रिप कुठली?

या खेळातली सगळ्यात प्रसिद्ध सहल 'ट्रायड' नावानं ओळखली जाते. तीन थांबे, दोन राज्यं आणि साधारण चारशे ते पाचशे किलोमीटरचा रस्ता. काही जण ती एका दिवसात उरकतात. पण वाटेतलं सगळं बघायचं तर तीन-चार दिवस हातात हवेत. सिएटल परिसरात आयटीतली बरीच मराठी कुटुंबं राहतात. उन्हाळ्यात भारतातून आलेल्या आई-बाबांना कुठे न्यायचं, हा प्रश्न त्यांना दरवर्षी पडतोच. त्यांच्यासाठी ही वाट घरापासूनच सुरू होते.

पहिला थांबा : सिएटल. शहराच्या फ्रीमॉंट भागात या खेळाचं मुख्यालय आहे. तिथे भेट देणाऱ्यांसाठी खास कॅश ठेवलेला आहे, मात्र आधी वेळ ठरवून जावं लागतं. जवळच, पुलाखाली, सुमारे साडेपाच मीटर उंचीचा सिमेंटचा राक्षस बसलाय. त्याच्या मुठीत खरीखुरी फोक्सवॅगन बीटल गाडी आहे. १९९० पासूनचा हा 'फ्रीमॉंट ट्रोल' बघायला पर्यटक येतातच.

दुसरा थांबा : स्नोक्वाल्मी घाट. सिएटलहून पूर्वेला आय-९० महामार्गानं साधारण ८० किलोमीटर. वाटेत ८२ मीटर उंचीचा स्नोक्वाल्मी धबधबा लागतो. घाटात जुन्या रेल्वेमार्गाचा बोगदा आहे, लांबी साडेतीन किलोमीटरहून जास्त. १९८० मध्ये इथल्या गाड्या बंद झाल्या आणि रुळांच्या जागी चालायची, सायकलची वाट झाली. आत मिट्ट काळोख, भर उन्हाळ्यातही गारठा. टॉर्च आणि स्वेटर हवाच. हिवाळ्यात बर्फामुळे बोगदा बंद असतो, त्यामुळे सहल मे ते ऑक्टोबर या काळात आखावी. वॉशिंग्टनच्या स्टेट पार्कात गाडी लावायला डिस्कव्हर पासही लागतो.

बोगद्याजवळचा कॅश २००१ चा आहे. 'प्लॅनेट ऑफ द एप्स' सिनेमाच्या प्रसिद्धीसाठी तेव्हा जगात ठिकठिकाणी डझनाहून जास्त कॅश लपवले गेले. काहींच्या आत सिनेमात वापरलेल्या वस्तू होत्या. आज त्यातले दोनच चालू आहेत, एक ब्राझीलमध्ये आणि एक इथे.

तिसरा थांबा : पोर्टलंडजवळची झाडी. इथे जाताना आय-५ महामार्गावरून आत वळलं की माउंट सेंट हेलेन्स हा ज्वालामुखी बघता येतो. १८ मे १९८० च्या उद्रेकात त्याचा माथा उडाला आणि ५७ माणसं गेली. पोर्टलंडहून पूर्वेला सुमारे ५० किलोमीटरवर १८९ मीटर उंचीचा मल्टनोमा धबधबा आहे. आणि शहराच्या आग्नेयेला, बीव्हरक्रीक गावाजवळ, उल्मरच्या बादलीची जागा. बादली आता नाही. त्या जागी २००३ मध्ये बसवलेली स्मृतिफलकाची पाटी आहे आणि शेजारी एक कॅश.

सगळीकडे डबे ठेवता येतात का?

नाही. अमेरिकेतल्या राष्ट्रीय उद्यानांत परवानगीशिवाय डबा ठेवता येत नाही. लोक झाडी तुडवतील, निसर्गाचं नुकसान होईल, ही भीती त्यामागे आहे. अशा ठिकाणांसाठी 'अर्थकॅश' हा प्रकार निघाला. यात डबाच नसतो. त्या जागी जायचं, खडक किंवा धबधबा नीट बघायचा आणि त्याबद्दलच्या प्रश्नांची उत्तरं पाठवायची.

बाकी नियमही आहेत. दोन डब्यांमध्ये किमान १६१ मीटर अंतर हवं. जागामालकाची परवानगी हवी. खाण्याचे पदार्थ, हत्यारं, दारू आत ठेवायची नाही. आणि कॅश जमिनीत खड्डा खणून पुरायचा नाही. म्हणजे उल्मरची ती पहिली बादली आजच्या नियमांत बसलीच नसती.

धोका कुठे आहे?

२०११ मध्ये इंग्लंडमधल्या वेदरबी गावात एका माणसाला रस्त्यावर कॅश ठेवताना कुणीतरी पाहिलं आणि पोलिसांना कळवलं. बॉम्बशोधक पथक आलं, रस्ता रिकामा केला आणि नियंत्रित स्फोट करून डबा उडवला. आत खेळाचं साहित्यच होतं.

आपल्याकडे तर 'बेवारस वस्तूला हात लावू नका' ही सूचना स्टेशनवर लहानपणापासून कानावर पडलेली. भारतातही कॅश आहेत, पण युरोप-अमेरिकेच्या मानानं खूपच विरळ. इथे शोधायचा झाला तर स्टेशन, विमानतळ, सरकारी इमारती यांच्या आसपास संशयास्पद वाटेल असं वागू नये. कुणी विचारलं तर लपवाछपवी न करता ॲप दाखवून सरळ सांगावं.

डबा टिकतो कसा?

त्यावर ना कुलूप, ना कॅमेरा, ना राखणदार. पत्ता मात्र जगजाहीर. २०११ मध्ये बोगद्याजवळचा तो सिनेमावाला कॅश चोरीला गेला. दहा वर्षं हजारो हातांनी शोधून परत जागेवर ठेवलेली वस्तू एका माणसानं उचलली आणि थांबा नकाशावरून गेला. काही वर्षांनी त्याच ठिकाणी नवा डबा ठेवून तो पुन्हा सुरू करण्यात आला.

म्हणूनच या खेळातला सगळ्यात महत्त्वाचा नियम शोधण्याचा नाही, परत ठेवण्याचा आहे. उपग्रह तुम्हाला दहा मीटरपर्यंत आणून सोडतात. डबा तिथे असेल की नाही, हे तुमच्या आधी येऊन गेलेल्या अनोळखी माणसावर अवलंबून असतं. आणि तुमच्या नंतर येणाऱ्याला तो मिळेल की नाही, हे तुमच्यावर.